पूर्ण एक मिनिट

माझ्या हाताखाली काम करणाऱ्या नव्या डॉक्टर मुलामुलींना माझा एकच जाच आहे. रोग्याच्या कागदावर ‘श्वास : मिनिटाला सोळा’ असं लिहिलेलं दिसलं, की मी तो कागद परत देते आणि म्हणते, “जा, मोजून या. पूर्ण एक मिनिट.” ती एकमेकांकडे बघतात. पाठीमागे मला ‘सोळाबाई’ म्हणतात तेही मला ठाऊक आहे. म्हणू देत. विद्यार्थिनी असताना मीही बेधडक सोळाच लिहायचे. ते सोळा एका बाईंनी मला फोनवरून परत केले, आणि ते उपकार फेडायचा दुसरा रस्ता मला अजून सापडलेला नाही.

आमच्या बॅचला लोक अजून चिडवतात. “तुम्ही करोनातले ना? मोबाइलवर शिकलेले डॉक्टर?” पूर्वी मला राग यायचा. राग आमच्या घरात आईकडून येतो आणि तो मला भरपूर मिळालाय. आता मी सरळ हो म्हणते. मोबाइल हातात होता हे खरंच आहे. शिकले मात्र मी भिवपुरीच्या अलीकडे, आमच्या वरच्या भातखाचराच्या बांधावर.

वॉर्डात जायला लागून आम्हाला जेमतेम दोन महिने झाले होते. रोग्याशी बोलायचं कसं, पोटाला हात लावायचा कसा, याची नुकती कुठे सुरुवात होती, तेवढ्यात मुंबईतलं आमचं कॉलेज बंद झालं आणि एका दिवसात हॉस्टेल रिकामं करायला सांगितलं. पंधरा दिवसांत परत यायचंच आहे म्हणून जाडजूड पुस्तकं मी खोलीवरच ठेवली. पिशवीत कपडे टाकले, पांढरा कोट टाकला आणि स्टेथोस्कोप टाकला. कोट आणि स्टेथोस्कोप कशाला, तर गावात मिरवायला. खोटं कशाला सांगू?

घरी आम्ही पाच जण. वडील शेती बघतात. आई घर, गुरं आणि वडिलांना बघते. माझा मोठा भाऊ रसायनीला कारखान्यात होता, तोही काम बंद म्हणून घरी बसलेला. आणि त्याच हिवाळ्यात लग्न होऊन आलेली वहिनी. ती खालापूरकडची, साजगावच्या बाजूच्या एका गावची. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. मी तिला अगंतुगं करायचे आणि ती मात्र मला ‘वन्सं’ म्हणून मान द्यायची, त्यामुळे मी थोडी चढून गेले होते.

घरात मोबाइलला रेंज नव्हती. वरच्या खाचराच्या बांधावर जांभळीखाली बसलं की दोन कांड्या यायच्या. तिथे गोणपाट टाकून मी लेक्चरं ऐकायचे. बिचाऱ्या सरांचीही पहिलीच वेळ होती. एकजण पूर्ण तासभर आवाज बंद ठेवून तळमळीने शिकवत होते आणि सांगायचं धाडस कुणालाच होईना. दुसऱ्यांनी यकृत कसं चाचपायचं ते सोफ्याच्या उशीवर दाखवलं. आम्ही वहीत लिहून घेतलं. उशीचं यकृत वाढलेलं नव्हतं.

गंमत ओसरली तशी मला भीती वाटायला लागली. असंच शिकून मी परीक्षा पास होईन, पाटी लावीन, आणि एक दिवस समोर खरा माणूस येईल. त्याच्या छातीवर मी काय ठेवणार, उशीवरची वही?

अशा वेळी मेडिसिनच्या एका मॅडमनी आमच्यातले आठ जण स्वतःकडे घेतले. त्या निवृत्तीला आल्या होत्या. वयामुळे करोना वॉर्डातून त्यांना सूट मिळत होती, ती त्यांनी घेतली नाही. त्यांना स्लाइड चढवता येत नव्हत्या आणि शिकायची इच्छाही नव्हती. त्यांची रीत साधी होती. घरातलं एक माणूस धरायचं. वॉर्डातल्या रोग्यासारखी त्याची सगळी चौकशी करायची, ती मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवायची, मग माणूस तपासून कागद लिहायचा आणि फोटो पाठवायचा. दुपारी अंगावरचं ते प्लास्टिकचं कवच उतरवून त्या वॉर्डाबाहेर आल्या, की पाणी पिता पिता एकेकाला फोन लावायच्या. आधी पाण्याचा घोट ऐकू यायचा, मग माझं आडनाव.

“धडधाकट माणूस धरलास तरी चालेल,” त्या म्हणाल्या होत्या. “निरोगी माणूस कसा असतो हे ज्याला नीट कळलं, त्याला आजारी माणूस लांबून कळतो. फक्त खोटं लिहायचं नाही.”

मी आधी वडिलांना धरलं. त्यांना पोटाला हात लावला की गुदगुल्या व्हायच्या. आईने तर उभ्या उभ्या वाटेला लावलं. “मला काय धाड भरलीय? तपास तुझ्या भावाला, बसून हाय नुसता.” भाऊ जो पसार झाला तो जेवायलाच आला. राहिली वहिनी. ती नाही म्हणाली नाही. सहा-सात महिन्यांची सून कशाला नाही म्हणणार? शिवाय तिला चौथा महिना होता, त्यामुळे विचारायला प्रश्नही बरेच होते. माझ्या दृष्टीने रोगी झकास होता.

ओटीवर तिला बसवलं, मोबाइल मध्ये ठेवला आणि पुस्तकातले प्रश्न एकामागून एक विचारायला सुरुवात केली. भूक लागते का? आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “चांगली दोन भाकऱ्या खाते.” झोप? “कोंबडं आरवंपर्यंत हलत नाय.” दम लागतो का? “दिवस गेलेत, दम लागनारच. मला नाय का लागला तुझ्या टायमाला?” पुढचा प्रश्न होता, झोपताना किती उशा लागतात. छातीत पाणी साठणाऱ्या माणसाला आडवं झोपवत नाही, तो उशांवर उशा रचून झोपतो, म्हणून हा प्रश्न असतो. आमच्या घरात उशा नव्हत्याच. आई हसली. “उशी कसली मागतेस, आमी हातावर झोपतो.” वहिनीही हसली. मी लिहिलं, उशा : शून्य.

नाडी मी खरोखर मोजली. श्वास मोजायचा कंटाळा केला. समोर बसलेली बाई श्वास घेतेय हे दिसत होतं, तेवढं पुरे वाटलं. पुस्तकात होतं तसं सोळा लिहिलं आणि बांधावर जाऊन सगळं पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. पाण्याचा घोट, माझं आडनाव, आणि मग, “तुझ्या पेशंटला तोंड आहे का?”

“आहे, मॅडम.”

“मग सासूचं तोंड का रेकॉर्ड केलंस?”

आमच्याकडे सुनेला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सासू देते, यात काही वावगं आहे हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. भावाच्या लग्नाच्या बैठकीतही मुलीला विचारलेलं सगळं तिच्या आईनेच सांगितलं होतं. घरोघरी हीच पद्धत.

“आणि हे सोळा कुठून आणलंस?” मॅडम पुढे म्हणाल्या. “तुमच्या आठ जणांच्या आठ घरांत सगळी माणसं मिनिटाला सोळाच श्वास घेतात. मोठी शिस्तीची माणसं दिसतात.”

मी खरं सांगितलं. मोजले नाहीत. मॅडम रागावल्या नाहीत, त्याने जास्त लागलं. त्या म्हणाल्या, “अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये तुझी पेशंट एकदाच बोलली आहे. शेवटी. ‘पानी भरून आले आताच, वन्सं.’ एवढ्याशा वाक्यात ती दोनदा थांबली. मी तीनदा ऐकलं. तू एकदा ऐक. मग तिला एकटीला गाठ. नाडी बघतेस असं दाखवून मनगट धरून ठेव आणि श्वास मोज, पूर्ण एक मिनिट. माणसाला कळलं की तो श्वास बदलतो. आणि एक प्रश्न विचारून झाला की गप्प बस. तुला गप्प बसता येतं का?”

येत नव्हतं. पण मी रेकॉर्डिंग ऐकलं. ‘पानी भरून’, थांबली. ‘आले आताच’, थांबली. ‘वन्सं.’ मी समोर बसले होते आणि मला ऐकू आलं नव्हतं.

आमच्या घरात कुणाला एकटं गाठणं सोपं नाही. ती संधी लावणीने दिली. डोंगरातली माणसं दरवर्षी लावणीला खाली यायची, ती त्या वर्षी आली नाहीत. गावात बाहेरच्याला येऊ देत नव्हते. म्हणून घरातले सगळेच चिखलात उतरलो. आईने वहिनीला घरी राहा म्हणून सांगितलं होतं, पण बाकी सगळे राबत असताना ही ऐकेना. लावणीत बायका एका ओळीत वाकून मागे मागे सरकत रोपं लावतात. जी मागे पडते तिची ओळ तुटते आणि सगळ्यांना दिसते. मग तिला बोलणी. वहिनी नेहमी ओळीच्या टोकाला, बांधाच्या कडेला उभी राहायची. आम्ही तिला चिडवायचो. मी जास्त. “नवरी बांधाला धरून चालते, चिखलात बुडंल म्हणून.” ती हसायची. त्या दिवशी पहिल्यांदा मी नीट बघितलं. दर पाच-सहा रोपांनी ती बांधावर हात टेकायची, जणू रोपांची जुडी उचलायला, आणि तशीच थांबायची.

भाकरी खायला सगळे जांभळीखाली बसले. जेवण उरकून आई-वडील आणि भाऊ रोपं काढायला खालच्या वाफ्यात गेले. मी वहिनीला म्हटलं, बस जरा, नाडी बघायचीय. तिने चिखल धुऊन हात पुढे केला. मी मनगट धरलं आणि नजर तिच्या पदरावर ठेवली. पदर वर जायचा, खाली यायचा. मिनिट संपलं तेव्हा माझा आकडा अठ्ठावीस होता. पाव तास बसलेली बाई आणि अठ्ठावीस. माझं चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजले. पुन्हा अठ्ठावीस.

“वहिनी, झोपतेस कशी?” मी विचारलं. आणि गप्प बसले. एवढा वेळ गप्प बसायची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असेल.

ती खूप वेळ पायाच्या बोटांनी माती उकरत राहिली. मग म्हणाली, “भाताच्या पोत्यांना टेकून. बसून. तुमच्या भावाला सांगितलंय, उकडतंय म्हनून.”

मी गप्पच. मग बाकीचं आपोआप आलं. आठवी-नववीत असताना तिला ताप यायचा, गुडघे सुजायचे, आज हा तर उद्या तो. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या आईला सांगितलं होतं की हृदयाची झडप खराब व्हायला लागलीय, दर एकवीस दिवसांनी हे इंजेक्शन घ्यायचं, बरीच वर्षं, चुकवायचं नाही. तिने एकदाही चुकवलं नाही. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, आता बंद कर. दर तीन आठवड्यांनी सून सुई टोचून घ्यायला निघाली तर सासरचे विचारणार नाहीत का? गुडघे दुखत नाहीत म्हणजे बरी झालीस. तिने बंद केलं.

“हे लिवनार का तुमी?” तिने विचारलं. “लिवू नका, वन्सं. आजारी पोर गळ्यात बांदली म्हनतील. माझं घर जाईल.”

त्या संध्याकाळी बांधावरून मीच मॅडमना फोन लावला. नाव घेतलं नाही, नातं सांगितलं नाही. म्हणाले, “मॅडम, एका बाईने मला एक गोष्ट सांगितलीय आणि कुणाला सांगू नको म्हणाली.” मॅडम म्हणाल्या, “मग आता ती तुझी खरी पेशंट झाली. तिने सांगितलेलं तिचं आहे. मला सांगू शकतेस, कारण मी तुझ्याबरोबर तिला तपासणार आहे. घरात मात्र एक शब्द नाही. सांगायचं ते ती सांगेल.”

मी सांगितलं. मग त्यांनी मला हृदय ऐकायला शिकवलं. दिवसभर त्या वॉर्डात उभ्या होत्या, तरी मी विसरेन म्हणून एकेक पायरी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेत होत्या. दार लाव. पदर तिच्याच हातात राहू दे. स्टेथोस्कोप तळहातात धरून गरम कर, गार लागला की माणूस दचकतो. डाव्या कुशीवर वळव. छोटी, खोलगट बाजू लाव, दाबू नकोस. श्वास सोडून थांबायला सांग. आणि घाई करू नकोस.

दुसऱ्या दिवशी आई गुरांकडे गेल्यावर मी दार लावलं. पहिल्यांदा काही ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा, ठोक्यांच्या मधल्या जागेत, अगदी खालच्या पट्टीत काहीतरी घरघरलं. खोपोलीचा घाट चढणारा भरलेला टेंपो लांबून ऐकू यावा तसं. मला आनंद झाला. हे मी कबूल करते, कारण मला त्याची लाज वाटते. मला ऐकू आलं याचा आनंद झाला, आणि माझ्या चेहऱ्यावर तो वहिनीला दिसला.

मी तिला समजावायला लागले. पोट वाढेल तसा हृदयावर भार वाढेल, औषधं आहेत, पण मोठ्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं, घरी सांग. तिने पदर सावरला आणि म्हणाली, “तुमाला परीक्षा हाय. मला संसार हाय. तुमी मला परीक्षेसाठी बगता.”

पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत ते शंभर टक्के खरं होतं. मी तिच्या नावाचा कागद तिच्यासमोर फाडला आणि चुलीत टाकला. मॅडमना फोन करून सांगितलं की मी ही केस देणार नाही. मला वाटलं त्या नापास करतील. त्या म्हणाल्या, “कागद कुणाला हवाय? पेशंट आण.”

वहिनी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी शेवटच्या खाचरात लावणी होती. आम्ही सगळे ओळीत, वहिनी टोकाला. तिची ओळ मागे पडली. आईने वाकल्या वाकल्याच सुनावलं, “मागं राह्यलीस गं. आमी पोटुशी नव्हतो का कंदी?”

वहिनी ताठ उभी राहिली. हातात रोपांची जुडी, कोपरापर्यंत चिखल. “मामी,” ती आईला म्हणाली, “मला हृदयाचं दुखनं हाय. लहानपनापासून. माझ्या आयनं लपवलं आनि मी बी लपवलं. मला आता उबं ऱ्हावत नाय.” एवढं बोलायला तिला चारदा थांबावं लागलं. या वेळी सगळ्यांना ऐकू आलं.

भाऊ धावत जाऊन तिला बांधावर घेऊन गेला. आईने मान वर केली नाही. हातातली जुडी अर्धी टाकायची नाही असा तिचा शिरस्ता, ती तिने शेवटच्या रोपापर्यंत लावली, हात धुतले आणि घरी गेली. त्या दिवशी आमच्या घरात भांड्यांशिवाय कुणी बोललं नाही. मी आईला ओळखते, म्हणून मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. वहिनीने आपली कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. माहेरी पाठवणार असं धरूनच चालली होती ती.

सकाळी उठून बघते तर आई चांगलं लुगडं नेसून ओटीवर बसलेली. वहिनीच्या पिशवीत तिने आपलीही दोन लुगडी कोंबली होती.

“तुज्या डाक्टरीनबाईंना फोन लाव,” आई मला म्हणाली. “कवा यायचं इचार.” मग वहिनीकडे वळली. “तुज्या आयला मी नंतर बगनार हाय, ते सोडनार नाय मी. पन आदी तू.”

वहिनी तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. आई म्हणाली, “रडू नको, दम लागंल.” रागातच म्हणाली.

जवळचं रुग्णालय तेव्हा फक्त करोनासाठी राखलेलं होतं. मॅडमनी सही-शिक्क्याची चिठ्ठी मोबाइलवर पाठवली, भावाने तिच्यावर प्रवासाचा पास काढला, आणि शेजारच्यांची गाडी घेऊन आम्ही चौघं मुंबईला निघालो. तिथे करोनाच करोना आहे, पोटातल्या जिवाचं काय, असं गावातल्या चार जणांनी वाटेत सांगितलं. आईने काच वर केली.

मॅडम रुग्णालयाच्या मागच्या दाराशी उभ्या होत्या. मास्कच्या वर फक्त डोळे आणि कपाळावर उठलेला कवचाचा वळ दिसत होता. जुन्या इमारतीत हृदयाचे रोगी वेगळे ठेवले होते, तिथे त्यांनी आम्हाला नेलं. वहिनीला खाटेवर बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसल्या, तिच्याहून खाली. आई पायथ्याशी उभी होती.

“सांग बेटा,” मॅडम म्हणाल्या, “काय होतंय तुला?”

आईने तोंड उघडलं. मला तिने श्वास घेतलेला दिसला, शब्द अगदी ओठांवर आलेले. मग तिने पदर तोंडाशी धरला, मागे वळली आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली. तिला कुणी जा म्हणालं नव्हतं.

वहिनी बराच वेळ बोलली. मॅडमनी तिचं बोलणं एकदाही तोडलं नाही. वॉर्डात माणसं त्यांची वाट बघत असणार, पण त्या अशा बसल्या होत्या की जगात तेवढंच एक काम आहे. सगळं ऐकून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. “केस सांग.” मी उभ्याने केस सांगितली. आयुष्यातली पहिली खरी केस, आणि कागद नव्हताच. श्वासाशी आल्यावर मी म्हणाले, “मिनिटाला अठ्ठावीस. दोनदा मोजलेत, मॅडम.” खाटेवरून वहिनी म्हणाली, “पूर्ण मिनिट मोजलं व्हतं त्यांनी. मला कळलं व्हतं, पन मी बोलले नाय.”

मॅडम हसल्या. डोळ्यांवरून कळलं.

हृदयाची सोनोग्राफी झाली, झडप आकसलेलीच निघाली. गोळ्या सुरू झाल्या, एकवीस दिवसांचं इंजेक्शन पुन्हा सुरू झालं, लावणी आणि पाण्याचे हंडे बंद. दर एकवीस दिवसांनी आई स्वतः तिला भावाच्या गाडीवर बसवायची आणि शेजारणींना मुद्दाम मोठ्याने सांगायची, “सून सुई घ्यायला चाललीय.” बाळंतपण मॅडमच्याच रुग्णालयात झालं, मुलगी झाली. पुढच्या वर्षी नसेतून फुगा सरकवून झडप मोकळी केली, कापाकापी काही नाही. मॅडम त्यानंतर निवृत्त झाल्या. मी पास झाल्याचं कळवलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “पेशंट कशी आहे?” त्या बाईंचं ऋण माझ्यावर आहे आणि ते राहावं असंच मला वाटतं. पण तेवढंच ऋण वहिनीचं. जिने मला ‘तुमी मला परीक्षेसाठी बगता’ म्हणून खडसावलं, तिने मला डॉक्टर केलं. हे मी तिला एकदा सांगितलं. ती म्हणाली, “मग माझं नाव लावा पाटीवर.”

गेल्या पावसाळ्यात दोन दिवसांची रजा काढून लावणीला घरी गेले. डॉक्टरांनी वहिनीला बेताने काम करायला परवानगी दिलीय. बांधावर जांभळीखाली तिची मुलगी माझ्या स्टेथोस्कोपने कुत्र्याला तपासत होती. आम्ही ओळ धरली. वहिनी मधोमध उभी राहिली आणि भरभर मागे सरकायला लागली. टोकाला, बांधाच्या कडेला आज आई होती. मी बघत होते. पाच-सहा रोपं झाली की ती बांधावर हात टेकायची, जणू जुडी उचलायला.

“आई,” मी म्हटलं, “काय होतंय तुला?”

“कुटं काय?” आई म्हणाली.

“गुडघं धरतात त्यांचं,” मधूनच वहिनीने उत्तर दिलं. “चार म्हैनं झालं. आनि जिना चढलं की दम बी लागतोय, पन सांगत नायत कोनाला.”

मी वहिनीकडे बघितलं. तिच्या लक्षात आलं. तिने चिखलाच्या हाताने तोंड झाकलं, डोळ्यांनी हसली आणि पाठ फिरवून रोपं लावायला लागली.

मी काही विचारलं नाही. गप्प उभी राहिले. आईने हातातली जुडी शेवटच्या रोपापर्यंत लावली, बांधावर बसली, हात पदराला पुसला आणि मनगट माझ्यापुढे धरलं.

“मोज,” ती म्हणाली.